पासोडीभोवतीची माणसं



अंबाजोगाईला दासोपंतांची पासोडी आहे. तुमच्यापैकी अनेकांनी ती पाहिली असेल. सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद असं ते कापड. त्यावर दासोपंतांनी पंचीकरण हा वेदान्तातला विषय ओव्यांमध्ये लिहून काढला. त्यांचा काळ १५५१ ते १६१५. सव्वा लाख ओव्यांचा ‘गीतार्णव’ ज्यांच्या नावावर आहे, त्यांना पोथीची सवय नव्हती असं कोण म्हणेल? तरीही हा विषय त्यांनी कापडावर उतरवला. कारण काहीही असो, मला महत्त्वाचं वाटतं ते त्यातून काय साधतं हे. पोथी एकाच्या पुढ्यात असते. तो वाचतो, बाकीचे ऐकतात. चाळीस फुटांचं कापड अंथरलं की दोन्ही अंगांना माणसं बसू शकतात. एकाची नजर सुरुवातीवर, दुसऱ्याची मध्यावर. आणि तिसरा एखाद्या ओळीवर बोट ठेवून म्हणू शकतो, ‘पंत, हे काही पटलं नाही.’

त्या पासोडीचा विषय थोडक्यात सांगते, कारण पुढे तो लागणार आहे. पृथ्वी, पाणी, तेज, वायू आणि आकाश ही पाच भूतं आपल्याला शुद्ध रूपात कधीच भेटत नाहीत. हाताला लागणाऱ्या मातीत निम्मी पृथ्वी असते आणि उरलेल्या निम्म्यात बाकीची चार भूतं, प्रत्येकी एक अष्टमांश. पाण्याचं तसंच, वाऱ्याचंही तसंच. हिशेब चोख आहे. अर्धा आणि चार अष्टमांश मिळून बरोबर एक. आजचं रसायनशास्त्र हे मानत नाही आणि मीही ते खरं ठरवायला उभी नाही. मला त्यातली धिटाई आवडते. काळ्या रानातलं ढेकूळ हातात घेऊन हे कशाचं बनलंय असं विचारायचं आणि उत्तर थेट अपूर्णांकात द्यायचं, हे आपल्या बीड जिल्ह्यात चारशे वर्षांपूर्वी चाललेलं होतं.

आज मी बोलणार आहे ते अशा एकत्र बसण्याबद्दल. ठराव मांडायचा नाही, कुणाला हरवायचं नाही. पाच-सात माणसं संध्याकाळी जमतात आणि विषय निघता निघता जग कशाचं बनलंय इथपर्यंत जातो. तिथून यंत्रांवर येतो, आणि यंत्रांवरून जे अजून घडलेलंच नाही त्यावर. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, त्यांच्या ओसरीवर अशी बैठक वर्षानुवर्षं चालली आणि ते गेल्यावरही मोडली नाही. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत असे. त्या ओळखीने तिथे जाऊ लागले आणि अजून जाते. माझं म्हणणं एवढंच आहे, की या जिल्ह्यात आजवर मोठी यंत्रं आणि मोठे निर्णय आले ते आपल्याशी कुणी न बोलता आले. पुढची येताहेत. त्यांच्याबद्दल बोलायचं तर आधी बोलण्याची सवय हवी, आणि ती सवय मोकळ्या गप्पांमध्येच लागते.

मराठीत तत्त्वज्ञान आलं तेच मुळी संवादाच्या रूपात. मुकुंदराजांचा ‘विवेकसिंधु’ परंपरेने शके १११०चा, म्हणजे ११८८ सालचा मानतात आणि मराठीतला आद्य ग्रंथ म्हणून त्याचं नाव घेतात. काळाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. मुकुंदराजांची समाधीही अंबाजोगाईलाच. त्या ग्रंथात गुरू सांगतो आणि शिष्य विचारतो. पुढच्या शतकात चक्रधरस्वामी गोदाकाठाने हिंडले. आपल्या गेवराई तालुक्यातलं पांचाळेश्वर हे महानुभावांचं आत्मतीर्थ. स्वामींच्या आठवणी म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्रा’त गोळा केल्या. त्यातलं तत्त्वज्ञान उंच आसनावरून उतरत नाही. कुणी जेवताना काही विचारलं, चालता चालता कुणाला शंका आली, म्हणून ते निघतं. आणि विचारणाऱ्यांत बायका आहेत. महदाइसेची ख्याती तर तिच्या जिज्ञासेचीच.

मधल्या शतकांवरून मी झटकन पुढे येते. निजामाच्या राज्यात सभा भरवायला सरकारची परवानगी लागे. ‘गश्ती निशान ५३’ या हुकुमाने ती अट घातली होती. हैदराबाद मुक्तिलढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ अंबाजोगाईच्या शाळेत मुख्याध्यापक होते तो हा काळ. जाहीर बोलता येत नसेल तर माणसं शाळेत, वाचनालयात, कुणाच्या माडीवर बोलतात. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची सत्ता संपून इथे जे मोकळं झालं, त्याची तयारी अशा बंद दारांआड झाली होती. चार माणसांच्या बोलण्याला सत्ता घाबरते ती उगाच नाही, एवढं त्यातून मी घेते.

आता बैठकीकडे. आपल्याकडे ऐकण्याची संस्कृती फार मोठी आहे. सप्ताह, कीर्तन, प्रवचन, पारायण. गडागडावर हजारोंनी माणसं बसतात आणि तासन्‌तास मन लावून ऐकतात. त्याबद्दल मला आदर आहे. पण कीर्तनकाराला मध्येच थांबवून ‘महाराज, असं कामून?’ असं कुणी विचारत नाही. व्याख्यानातही विचारत नाही. आत्ता मी बोलतेय, तुम्ही ऐकताय. गुरुजींची बैठक सुरू व्हायची ती कीर्तन संपल्यावर, पेटी-मृदंग कपड्यात बांधले गेल्यावर, जी माणसं घरी न जाता रेंगाळतात त्यांची. तिथे कुणी काहीही म्हणालं तरी गुरुजींचा एकच शब्द असे, ‘मंग?’ म्हणजे तुझं खरं धरलं, आता पुढे काय होतं ते सांग. त्या एका शब्दापुढे भल्याभल्यांची विधानं टिकत नसत आणि साध्या माणसांची टिकत.

एका बैठकीत पंचीकरण निघालं. परळीच्या थर्मलमध्ये फिटर म्हणून नोकरी केलेले एक काका होते. ते म्हणाले, ‘आमच्या थर्मलमध्ये पाचही भूतं ड्युटीवर असतात. कोळसा म्हणजे पृथ्वी. भट्टीत तेज. फुंकायला वायू. चिमणीतून जातं ते आकाशात. आणि पाणी.’ मग ते २०१३ वर आले. त्या दुष्काळात पाण्याअभावी परळीचं औष्णिक केंद्र बंद ठेवावं लागलं, हे तुम्हाला आठवत असेल. कोळसा लांबून रेल्वेने येतो, यंत्रं जागेवर होती, माणसं कामावर होती. एक भूत गैरहजर राहिलं आणि सगळं थांबलं.

‘मंग?’ कुणीतरी विचारलंच. एका पोराने विचारलं, ‘ती वाफ पुन्हा पकडत का नाहीत?’ काकांनी जमिनीवर काडीने रेघा ओढून दाखवलं. बॉयलरमधली वाफ टर्बाइन फिरवते, थंड होऊन पुन्हा पाणी होते आणि परत बॉयलरमध्ये जाते. ते पाणी बहुतेक सगळं वापरात राहतं. उडून जातं ते त्या वाफेला थंड करणारं दुसरं पाणी, जे थंड करण्याच्या उंच मनोऱ्यांतून आभाळात जातं. मी त्यात एक आकडा घातला. केंद्र सरकारने २०१५ मध्ये जुन्या औष्णिक केंद्रांना घातलेली मर्यादा म्हणजे एका युनिट विजेमागे साधारण साडेतीन लिटर पाणी. मग हिशेब सुरू झाला. पंखा रात्रभर चालला तर पाऊण युनिट. म्हणजे अडीच लिटरहून थोडं जास्त पाणी. कोपऱ्यात बसलेले एक आजोबा बराच वेळ गप्प होते. ते म्हणाले, ‘म्हणजे टँकरची वाट बघत आपण पंख्याखाली झोपलो, तवा पंखाबी पाणीच पीत हुता.’

हे वाक्य कुठल्या पुस्तकात मला भेटलं नसतं. त्यात वेदान्ताचा हिशेब आहे, परळीचं यंत्र आहे आणि दुष्काळात भोगलेली रात्र आहे. तिन्ही वेगवेगळ्या माणसांकडून आली आणि एका ओसरीवर एकत्र झाली. शाळा-कॉलेजात आम्ही या तिन्हींसाठी वेगवेगळे तास ठेवतो.

दुसरी बैठक सांगते, ती अलीकडची. विषय ‘लीलावती’चा होता. भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ ११५० साली पुरा केला, ‘लीलावती’ त्याचाच भाग. त्यांचं गाव विज्जलविड म्हणजे आपलं बीड, असं मानणारे अभ्यासक आहेत, आणि चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखामुळे ते गाव तिकडे शोधणारेही आहेत. तो वाद बाजूला ठेवू. ‘लीलावती’तलं एक गणित असं. ९ हात उंच खांबावर मोर बसलाय. खांबाच्या बुडाशी सापाचं बीळ. खांबाच्या उंचीच्या तिप्पट, म्हणजे २७ हात अंतरावरून साप बिळाकडे येतोय. मोर तिरकी झेप घेतो. दोघांनी सारखंच अंतर कापलं तर बिळापासून किती हातांवर ते भेटतील? उत्तर १२. साप १५ हात आला आणि मोरही तिरका १५ हात गेला.

पाटोद्याकडचा एक मुलगा होता. त्याच्या भागात नायगावचं मयूर अभयारण्य आहे, त्यामुळे मोर त्याला पुस्तकात बघावे लागत नाहीत. तो म्हणाला, ‘पण मोराला सापाचा वेग कसा कळला?’ गणितात दोघांचा वेग सारखा धरलाय हे मी सांगितलं. त्याचं समाधान झालं नाही. ‘ते आपण धरलं. मोराने काय धरलं?’ आम्ही सगळे थांबलो. मोर वर्गमूळ काढत नाही, तरी झेप बरोबर पडते. मग त्याला गणित येतं म्हणायचं की नाही?

तेवढ्यात दुसऱ्याने मोबाइलवर हेच गणित कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एका ॲपला घातलं. क्षणात उत्तर आलं, १२ हात. पायऱ्याही बरोबर, मराठीही बऱ्यापैकी. मुलं खूश झाली. पण शेतावर राबून आलेले एक आबा पायऱ्या लक्ष देऊन ऐकत होते. ते म्हणाले, ‘हे आता मोरासारखं झालं. झेप बराबर पडली. पण त्याला कळलंय का, हे कुणी सांगायचं?’ आणि लगेच स्वतःच पुढे म्हणाले, ‘न् मला तरी कळलंय का? मी बी ऐकूनच मान हलवली.’

जगभरचे तत्त्वज्ञ आणि संगणकशास्त्रज्ञ आज ज्या प्रश्नाशी झगडत आहेत तो हाच आहे. बरोबर उत्तर देणं म्हणजे समजणं का? समजलं हे बाहेरून कसं ओळखायचं? आबांनी तो बाराव्या शतकातल्या मोरावरून गाठला आणि स्वतःलाही त्यातून सोडलं नाही. त्या रात्री उत्तर निघालं नाही. पुढच्या बैठकीला एक बाई सांगत आल्या, की शेळीचं पिल्लू जन्मल्यावर लगेच आचळ कसं शोधतं हे त्या दोन दिवस बघत होत्या. मला हे फार मोलाचं वाटतं. माणूस घरी जातो आणि प्रश्न सोबत जातो.

आता तिसरं अंग, कल्पित. जुलै १९७९ मध्ये अमेरिकेची स्कायलॅब ही अवकाश-प्रयोगशाळा पडणार होती. कुठे पडेल हे कुणालाच नक्की सांगता येत नव्हतं. त्या वेळी गावोगाव भीती होती, अफवा होत्या, आणि पारापारावर एकच चर्चा. शेवटी तिचे तुकडे हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात पडले. त्या अफवांना आपण अडाणीपणा म्हणून हिणवतो. मला त्यात अर्धवट राहिलेली विज्ञानकथा दिसते. माणसं ‘पडली तर?’ असं विचारत होती आणि त्यांना कक्षा म्हणजे काय, हवेच्या घर्षणाने ती कशी खाली येते, हे सांगणारं शेजारी कुणी बसलेलं नव्हतं. कल्पना होती, माहिती नव्हती. दोन्ही एका ओसरीवर असती तर भीतीचं कुतूहल झालं असतं.

गुरुजींना हे उमगलं होतं, म्हणून बैठकीत ते विज्ञानकथा आणत. मराठी विज्ञान परिषद १९६६ साली सुरू झाली. तिच्या विज्ञानकथा स्पर्धेत १९७४ मध्ये ‘कृष्णविवर’ या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. लेखकाचं नाव होतं नारायण विनायक जगताप. तो लेखक म्हणजे जयंत विष्णू नारळीकर. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून घेतलेलं ते नाव. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा त्यांच्या पत्नी मंगलाताईंनी लिहून काढली होती. जगन्मान्य खगोलशास्त्रज्ञाला आपली कथा नावावर नव्हे, कथेवर तोलली जावी असं वाटलं. पुढे २०२१ च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं, आणि २० मे २०२५ ला ते आपल्यातून गेले. गुरुजी नारळीकरांच्या, लक्ष्मण लोंढ्यांच्या, बाळ फोंडक्यांच्या कथा मोठ्याने वाचत. आणि अर्ध्यात पुस्तक मिटत. ‘आता पुढे काय होईल ते तुम्ही सांगा.’ पुस्तकातला शेवट ते त्या दिवशी सांगतच नसत.

नारळीकरांच्या ‘वामन परत न आला’ या कादंबरीत एक बुद्धिमान यंत्र आहे आणि आपल्यासारखी आणखी यंत्रं घडवण्याचं सामर्थ्य त्याच्या हाती आलं तर माणसाचं काय, हा प्रश्न आहे. ती वाचली तेव्हा ऊसतोड टोळीचा एक मुकादम बैठकीत होता. त्याने विचारलं, ‘यंत्रच यंत्र घडवायला लागलं तर उचल कुणाला द्यायची?’ उचल म्हणजे हंगामाआधी जोडप्याला मिळणारी आगाऊ रक्कम; पुढचे पाच-सहा महिने ती फेडत तोडणी करायची. त्या एका वाक्याने कादंबरी प्रयोगशाळेतून उचलून उसाच्या फडात आणून ठेवली. आपल्या विज्ञानकथांबद्दल मला प्रेम आहे म्हणून सांगते, त्यांत बहुतेक वेळा शास्त्रज्ञ असतात, संस्था असतात, मोठी शहरं असतात. कोपी नसते. पाचटाची, ताडपत्रीची ती झोपडी, तिच्यापुढे तीन दगडांची चूल, अंधारात भरायला उभी ट्रॉली. भविष्य तिथेही येणार आहे, कदाचित तिथे सगळ्यांत आधी.

ते येऊ लागलंच आहे. ऊस तोडणारं यंत्र आता महाराष्ट्रात नवं राहिलेलं नाही. त्याची किंमत कोटीच्या घरात जाते. २०२३ मध्ये राज्याने यंत्र घेणाऱ्यांसाठी अनुदान योजना आणली: किमतीच्या ४० टक्के किंवा ३५ लाख, यातलं जे कमी असेल ते. यंत्राला सऱ्यांमध्ये जास्त अंतर लागतं, मोठं रान लागतं, ओल फार असून चालत नाही. त्यामुळे लहान तुकड्यांत अजून कोयताच चालतो. कोयता म्हणजे आपल्याकडे नवरा-बायकोची जोडी. हत्याराचं नाव माणसांना पडलंय. बीड, पाटोदा, शिरूर, धारूर, केज, आष्टी, परळी या भागांतून दसरा-दिवाळीच्या सुमाराला हे कोयते पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. आणि यंत्रावरचे निर्णय ज्या बैठकांत होतात तिथे कारखानदार असतात, अधिकारी असतात, यंत्र विकणारे असतात. कोयता नसतो.

म्हणून आम्ही एकदा पावसाळ्यात, सगळे गावी असताना, हाच विषय ठेवला. सगळा ऊस यंत्राने तोडला जाऊ लागला, असं धरा. मंग? पहिलं उत्तर अपेक्षित होतं, की पोट कसं भरायचं. त्यानंतर जे निघालं ते मी कधी कुठल्या अहवालात वाचलं नव्हतं. एक जण म्हणाला, ‘यंत्र वाढं ठेवत नाही.’ वाढं म्हणजे उसाचा हिरवा शेंडा. तोडणारे तो बैलांना घालतात, विकूनही चार पैसे मिळवतात. यंत्र पाचट न् वाढं तुकडे करून रानातच फेकतं. म्हणजे मजुरी जाते, आणि मजुरीच्या कडेने चालणारं हे लहान अर्थशास्त्रही जातं. दुसरा म्हणाला, हंगामी वसतिगृहांत पोरं ठेवून आम्ही जातो. घरीच राहिलो तर पोरं घरी राहतील. ते बरं की वाईट? तिथे तरी वेळेवर जेवण आहे. यावर फार वेळ वाद झाला.

मग एक बाई बोलल्या. तोवर त्या आतल्या दारात उभ्या होत्या. ‘यंत्राला पाळी येत नाही. त्याचं पोट दुखत नाही. त्याचा खाडा पडत नाही. म्हणून ते आवडतंय सगळ्यांना.’ खाडा म्हणजे एक दिवस काम चुकलं तर कापला जाणारा दंड. २०१९ मध्ये या जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चर्चा राज्यभर झाली आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली, हे इथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. त्या बाईंनी यंत्राबद्दल बोलता बोलता आजवर आपण बाईकडून काय मागितलं तेच सांगितलं. तिने यंत्रासारखं असावं, हीच ती मागणी होती. यंत्र आल्यावर तरी ती थांबेल का, असा त्यांचा प्रश्न होता. ओसरीवर कुणाकडे उत्तर नव्हतं. पण त्या दिवसापासून त्या दारात उभ्या राहत नाहीत, आत येऊन बसतात.

त्याच बैठकीत एकाने कल्पना मांडली, की टोळीनेच यंत्र घेतलं तर? योजनेत शेतकऱ्यांच्या संस्थांनाही अनुदान होतं. पंधरा-वीस कोयत्यांनी मिळून एक यंत्र. चालवायचं कुणी, कर्ज बुडालं तर कुणाचं, बायकांचा वाटा कागदावर येणार का नवऱ्याच्याच नावाने जाणार? रात्री उशिरापर्यंत ही कथा रचली गेली. तिच्यात खलनायकही होता, तो म्हणजे सुटे भाग वेळेवर न देणारा विक्रेता. हसू नका, हे सगळं त्यांनी ट्रॅक्टरच्या बाबतीत भोगलेलं आहे. तिला मी विज्ञानकथाच म्हणेन, आणि चांगली म्हणेन, कारण तिच्यातला प्रत्येक ‘तर’ कुणीतरी पारखून घेतला होता.

आता एक अवघड गोष्ट. गेल्या काही वर्षांत आपल्या जिल्ह्यात माणसं जातीजातींत फार दुरावली. कोण कुणाच्या हॉटेलात चहा पितो, कुणाच्या दुकानातून सामान घेतो, इथपर्यंत ते गेलं. बैठकीतूनही काही जण यायचे थांबले. तेव्हा मला वाटलं होतं, आजच्या प्रश्नांवर जी माणसं एकमेकांकडे बघत नाहीत ती निदान पन्नास वर्षांनंतरच्या जगावर बोलू शकतील, कारण तिथे अजून कुणाचा बांध घातलेला नाही. हे बऱ्याच अंशी खरं ठरलं. मंगळावर वस्ती केली तर पाणी कसं वाटायचं, यावर एरवी एका ओळीत न बसणारी माणसं तावातावाने बोलली. बीडच्या खजाना विहिरीचं उदाहरण निघालं, निजामशाहीतली ती विहीर, जिचं पाणी मोट वा इंजिन न लावता उतारानेच रानात जातं. मंगळावर उतार कसा ठरवायचा, हेही निघालं.

आणि मग मागे बसलेल्या एका तरुणाने विचारलं, ‘मंगळावरच्या गावात गावकुसाबाहेर कुणाला ठेवणार?’

कुणी काही बोललं नाही. पण कुणी उठूनही गेलं नाही. मी त्याला महत्त्व देते. हाच प्रश्न गावाच्या नावाने विचारला असता तर बैठक फुटली असती. मंगळाच्या नावाने विचारला म्हणून तो ऐकून घेतला गेला, आणि हळूहळू उत्तरंही आली. वस्तीला एकच घुमट असेल, मग बाहेर कुणाला ठेवणार? पण आतल्या आत भिंत घालता येतेच की, असं दुसरा म्हणाला. हवा मोजून मिळेल, कुणाला किती मिळेल हे कोण ठरवणार, असं तिसरा. शेवटी त्या तरुणालाच सगळ्यांनी सांगितलं, की पहिला नियम तू लिही. त्याने तो अजून लिहिलेला नाही. घाई करायची नाही, असं त्याने सांगितलंय.

मंगळावरून आता जमिनीवर येते. १७ सप्टेंबर २०२५ ला अहिल्यानगरहून बीडपर्यंत रेल्वे सुरू झाली. आमच्या आधीच्या पिढीने तिच्या गोष्टी करता करता डोळे मिटले. ती परळीला जोडली गेली की २६१ किलोमीटरचा मार्ग पुरा होईल. लोक विचारतात, गाडी आली, आता काय येईल? माल जाईल की माणसं जातील? पोरं शिकून परत येतील की जाण्याचीच सोय झाली? या प्रश्नांवर बैठका व्हायला हव्यात, आणि त्या गाडीचं वेळापत्रक ठरवणाऱ्यांच्या कानावर जायला हव्यात.

संयोजकांनी मला विचारलं होतं, की व्याख्यानमालेला जोडून काही करता येईल का. माझी सूचना अशी आहे. तालुक्याच्या प्रत्येक सार्वजनिक वाचनालयात एक संध्याकाळ बैठकीसाठी ठेवा. ती आषाढ ते भाद्रपदात ठेवा, कारण त्यानंतर अर्धा जिल्हा फडावर असतो आणि उरलेल्यांनी त्यांच्याविषयी बोलत बसणं बरोबर नाही. खुर्च्या मांडू नका, सतरंजी अंथरा. वक्ता बोलावू नका, मलाही नको. एखादी कथा अर्धी वाचा किंवा एखादं यंत्र मध्ये ठेवा. फवारणीचा ड्रोन मिळाला तर उत्तम, तो आता आपल्या भागात दिसायला लागलाय. मुलींना आणि सुनांना आधी बोलू द्या, नाहीतर त्यांचा नंबर येईपर्यंत स्वयंपाकाची वेळ होते. चहा पुरुषांनी करावा. आणि जे बोललं जाईल त्यातले प्रश्न, फक्त प्रश्न, एका वहीत उतरवून ठेवा. उत्तरांची घाई नको. पहिल्या वर्षाच्या वहीत लिहायला तीन प्रश्न तयार आहेत: आबांचा मोराविषयीचा, त्या बाईंचा खाड्याविषयीचा आणि त्या तरुणाचा गावकुसाविषयीचा. वही मी आणली आहे, ती अध्यक्षांकडे देते.